अलेक्झांड्रियाची रात्र आणि पानेराईचे घड्याळ

१/ लक्षावधी रुपये किमतीच्या पानेराई घड्याळांच्या जाहिरातींत ‘नौदलाचा वारसा’ हे शब्द हमखास भेटतात. हा वारसा नेमका कोणता? उत्तरासाठी दुसऱ्या महायुद्धातील भूमध्य समुद्रात उतरावे लागेल. #थ्रेड

२/ १८६० साली फ्लॉरेन्समध्ये सुरू झालेली ही पेढी पुढे इटलीच्या नौदलास उपकरणे पुरवू लागली. अंधारात आकडे दिसावेत म्हणून तिने रेडियमयुक्त लेप वापरला. त्याचे नाव ‘रादिओमीर’. १९३० च्या दशकात नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी रोलेक्सने घडवलेल्या, ४७ मिलिमीटर व्यासाच्या, चावीच्या घड्याळांवर हा लेप झळकू लागला.

३/ या सैनिकांना घड्याळ हा अलंकार नव्हता. श्वसनयंत्रातील प्राणवायू मोजका आणि सुरुंगाच्या स्फोटाची वेळ ठरलेली. हिशेब चुकला तर प्राणाशी गाठ.

४/ १८ डिसेंबर १९४१ ची रात्र. बोर्गेझे याच्या ‘शिरे’ पाणबुडीतून ‘देचिमा मास’ पथकाचे सहा जण तीन मानवचालित टॉर्पेडोंवर स्वार होऊन अलेक्झांड्रिया बंदरात शिरले. पहाटे ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका स्फोटांनी उथळ तळावर बसल्या. सहाही जण पकडले गेले.

५/ त्यांपैकी दे ला पेन्ने आणि बियांकी यांना स्फोटापूर्वीच पकडून ‘व्हॅलियंट’च्याच तळघरात कोंडले होते. सुरुंग कोठे आहे, हे दे ला पेन्नेने सांगितले नाही. मात्र स्फोटाच्या काही मिनिटे आधी ‘खलाशांना वाचवा’ असा इशारा त्याने कप्तान मॉर्गन यांना दिला. १९४५ साली इटलीचे सुवर्णपदक त्याच्या छातीवर लावले, ते याच मॉर्गन यांनी!

६/ जाहिरातीची गोष्ट येथे संपते. इतिहास मात्र पुढे चालतो. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे ठेवली आणि पथक दुभंगले. दे ला पेन्ने दोस्तांच्या बाजूने लढला. बोर्गेझेने जर्मनांची साथ धरली. त्याच्या हाताखालील ‘देचिमा मास’ने प्रतिकार करणाऱ्या देशबांधवांवरच शस्त्र उगारले. नाव एकच, वारसे दोन.

७/ १९९३ साली पानेराईने आपली घड्याळे सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणली. आजच्या तबकड्यांत रेडियम नाही. तो घातक ठरला. जुन्या तबकड्यांची चमक केव्हाच विझली, पण त्यांतील किरणोत्सर्ग अजून मोजता येतो, कारण रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात.

८/ म्हणून मित्रहो, कोणी ‘वारसा’ विकायला आणला, तर धैर्याची कथा जरूर ऐकावी. मात्र ते धैर्य कोणत्या राजवटीच्या सेवेत होते आणि कथा कोणत्या वर्षी थांबवली आहे, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून उठू नये.