वाटाणा आणि कटसीन

दोह्यात शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी रात्री आम्ही ‘हाफ-लाइफ २’च्या मॉडची कटसीन्स करत बसतो. फेसपोझरमध्ये ओठ आपोआप हलतात खरे, पण इंग्रजीच्या हिशेबाने. मराठी वाक्याला हातानेच बसवावे लागतात. दहा सेकंदांत अख्खी रात्र जाते! अशा वेळी दादासाहेब फाळके आठवतात. १९१२मध्ये लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम टिपत ‘अंकुराची वाढ’ केली. हौस म्हणून नव्हे हं, ते बघून कुणीतरी भांडवल द्यावं म्हणून. ते मिळालं, आणि १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी चक्क काड्या नाचवल्या. आमचा नायक मात्र ‘बाळ’ म्हणताना अजून ‘बाल’चंच तोंड करतो.