ठाण्याला पाठवा!

गेल्या ईदला काही माजी विद्यार्थी घरी आले. आता कुणी पेणला, कुणी अलिबागला कॉलेजात आहे. शीरखुर्मा खाता खाता एकाने दुसऱ्याला चिडवलं, "सर, याला ठाण्याला पाठवा!" सगळे हसले, एक मात्र हसला नाही. निघताना तो दारात रेंगाळला. चार महिने झोप नाही, पुस्तक उघडवत नाही, म्हणाला. डॉक्टरकडे गेलास का, विचारलं. "सर, पोरं काय म्हणतील?"

पोरं काय म्हणतात ते मी आताच ऐकलं होतं.

वडखळ नाक्यावरून मुंबईच्या बाजूला गेलं की पुढे ठाणं, गोव्याच्या बाजूला गेलं की रत्नागिरी. रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 चं, ठाण्याचं 1901 चं. त्या काळचे कायदे, 1858 चा आणि मग 1912 चा, रुग्णाला बरं करण्यापेक्षा बंदोबस्तात ठेवण्याची काळजी जास्त करत. भटकणाऱ्या वेड्याला पोलीस धरत, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने तो आत जाई. दवाखान्याच्या वाटेवर पोलीस आणि कोर्ट उभं असेल, तर लोकांना तो तुरुंगच वाटणार. म्हणून गावाचं नाव शिवी झालं. पुण्याकडे हीच थट्टा येरवड्याच्या नावाने होते.

आपल्याकडे काही जण म्हणतील, मुसलमानांच्या इतिहासात असं नव्हतं. अर्धं खरं आहे. दहाव्या शतकात अबू जैद अल-बल्खी यांनी शरीराचं आणि मनाचं आरोग्य एकाच ग्रंथात मांडलं. दमास्कसला 1154 साली, कैरोला 1284 साली मोठे बीमारिस्तान उभे राहिले. फारसीत बीमार म्हणजे आजारी, स्तान म्हणजे जागा. तिथे मनाच्या रुग्णांवरही उपचार होत. पण काही रुग्ण तिथेही साखळीत असत. आणि पुढे अरबीत त्याच शब्दाचं 'मारिस्तान' झालं, त्याचा अर्थ उरला वेड्यांचं घर. लंडनच्या बेथलेम दवाखान्याच्या नावावरून इंग्रजीत 'बेडलम', म्हणजे गोंधळ, आला तो असाच. 'मजनून' हा शब्दही मूळचा जिन्नाने झपाटलेला या अर्थाचा. दवाखाना कुणीही बांधो, माणसांची जीभ त्याची शिवी करते.

त्या जिभेची किंमत आपण मोजली आहे. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याजवळ चालणाऱ्या एका खाजगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. 28 जीव गेले. त्यांना तिथे ठेवणारे त्यांचेच नातेवाईक होते. दर्ग्यावर दुआ मागायला माझी हरकत नाही. मी स्वतः मागतो. पण दुआ आणि दवा यांचं भांडण कुणी लावलं?

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो 29 मे 2018 पासून लागू आहे, साखळीला बंदी घातली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरून सरकारने त्याची काळजी घ्यावी, उपचार द्यावेत, असं त्यात आहे. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या नंबरवर फुकट बोलता येतं. कॉलेजच्या मुलांना डिप्रेशन हा शब्द पाठ आहे, मोबाईलवर रोज दिसतो. पण तो दुसऱ्या कुणाचा तरी आजार असतो. बाकावर शेजारी बसलेल्या मित्राला झाला की पुन्हा ठाणं आठवतं.

त्या मुलाबरोबर मी सरकारी दवाखान्यात गेलो. नेहमीसारखाच केस पेपर निघाला, सर्दीतापाच्या रांगेतच उभे राहिलो. डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतलं. आता तो झोपतो, परीक्षेलाही बसला. मित्रांना मात्र त्याने अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या ईदला ते सगळे पुन्हा येतील. ती थट्टा झाली, तर मागच्या वेळी मी गप्प बसलो तसा या वेळी बसणार नाही.