मुंबई बंदराची वाढ आणि वऱ्हाडचा कापूस

बंदराचा इतिहास लिहिताना दृष्टी साहजिकच समुद्राकडे वळते. परंतु बंदराचे सामर्थ्य त्याच्या पाठीशी असलेल्या प्रदेशावर अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा विचार करताना गुजरात व खानदेश यांच्याबरोबर वऱ्हाडचा, विशेषतः अमरावती व अकोला या भागांचा, विचार करणे अवश्य आहे.

हा संबंध पूर्वापार चालत आलेला नव्हता. रेल्वेपूर्व काळात अमरावतीचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून सुमारे पाचशे मैलांवरील मिर्झापूरला जाई आणि तेथून गंगेच्या मार्गाने कलकत्त्यास पोहोचे. १८५३ साली या परिस्थितीस वळण मिळाले. त्या वर्षी १६ एप्रिलला मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. मे महिन्यात झालेल्या तहान्वये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांकडे सोपविला. कापूस पिकविणारा प्रदेश आणि तो वाहून नेणारे साधन ही दोन्ही एकाच सत्तेच्या हाती आली.

मुंबईच्या भरभराटीचे श्रेय बहुधा अमेरिकन यादवी युद्धाला (१८६१-६५) दिले जाते. युद्धामुळे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला व १८६५ मध्ये सट्टा कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या, हे खरे. परंतु भुसावळहून अकोला-बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला तो १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यानंतर! जलंब-खामगाव फाटा १८७० मध्ये सुरू झाला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होऊन युरोपचा मार्ग जवळ आला होता. तेव्हा वऱ्हाड व मुंबई यांचा चिरस्थायी संबंध तेजीने नव्हे, तर तेजीनंतरच्या या दळणवळणाने घडविला, असे म्हणावे लागते.

त्याचे परिणाम दोन्ही टोकांस दिसून आले. मुंबईत १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी व १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी उघडली. इकडे अकोला, अमरावती व खामगाव येथे सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. लांब धाग्याच्या ‘बनी’ कापसाऐवजी लवकर येणारी, अधिक उत्पन्न देणारी पण आखूड धाग्याची ‘जरी’ जात शेतकरी पेरू लागला.

या व्यापाराला नियमांची जोडही मिळाली. कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तर १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजार समित्या निर्माण केल्या. देशातील पुढील बाजारविषयक कायद्यांना हा कायदा मार्गदर्शक ठरला. मात्र या समित्यांत व्यापारी व नगरपालिका यांनाच प्रतिनिधित्व होते. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्यांत स्थान नव्हते. ही उणीव केवळ कायद्यातील नव्हती. भाव मुंबईत, आणि मुंबईचा भाव लिव्हरपूलमध्ये ठरे. अवर्षणाचा व मंदीचा भार मात्र वऱ्हाडातील कुणब्याच्या शिरावर येई.

१८९९-१९०० च्या दुष्काळात हे कठोरपणे प्रत्ययास आले. आगगाडीने धान्य येऊ शकत होते. परंतु पीक बुडालेल्या शेतकऱ्याजवळ व मजुराजवळ ते विकत घेण्यास पैसा नव्हता. १८९१ मध्ये सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली.

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण या प्रांताच्या संपन्नतेची साक्ष देते. ते सोने मुंबईच्या बंदरावाटे जगात गेले, यात संशय नाही. परंतु त्या वैभवाचा हिशेब मांडताना गोदीतील गाठींबरोबर शेतातील जोखीमही मोजावी लागते. तसे न केल्यास बंदराचा इतिहास अर्धाच लिहिला जातो.