‘इस्पितळात नको’पासून ‘खाट मिळेल का’पर्यंत

मी मुंबईच्या हॉस्पिटलांच्या इतिहासावर पीएचडी करतेय असं कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “मग केईएममध्ये ओळख असेल ना? एक खाट मिळेल का?” मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. कारण मी ज्या काळाचा अभ्यास करते, त्या काळात याच परळ-लालबागच्या आसपास लोक खाट चुकवायला धडपडत होते.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथीच्या रुग्णांना आर्थर रोडच्या पालिका इस्पितळात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, न्यायला सुरुवात झाली. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. का? त्याच महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं. त्याचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजं मागवली आहेत आणि ती इस्पितळात काढली जातात, अशी अफवा होती.

‘अडाणी लोक’ म्हणून हा प्रसंग झटकून टाकणं सोपं आहे, पण जरा थांबा. घरातल्या माणसाला जबरदस्तीने उचलून नेणार, जातीची-सोवळ्याची पर्वा नाही, बाईला परका पुरुष तपासणार, आणि नेलेली बरीच माणसं परत येत नाहीत. त्यामुळे लोक आजारी माणूस लपवायचे. तो अगदी शेवटी इस्पितळात पोचायचा आणि दगावायचा. मग ‘तिथे गेलेला मरतो’ हे आणखी पक्कं व्हायचं. हे चक्र नुसत्या खाटा वाढवून तुटणारं नव्हतं.

थोडी वाट निघाली ती वेगळ्या मार्गाने. पारशी, हिंदू, मुस्लिम समाजांनी स्वतःची प्लेग इस्पितळं काढली. तिथे आपल्या पद्धतीचं जेवण, आपली माणसं, नातलगांना भेटायची मुभा. औषध फारसं वेगळं नव्हतं, कारण प्लेगवर नेमका इलाज तेव्हा कुणाकडेच नव्हता. फरक होता तो भरवशाचा.

हा धागा मला पुढे १९२६ मध्ये सापडतो. परळला केईएम आणि त्याला जोडून सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांची अट होती, की इथले शिक्षक-डॉक्टर भारतीयच असावेत. ब्रिटिश अमलात ही साधी अट नव्हती. गिरणगावाच्या मधोमध, महापालिकेचं, आपल्या माणसांनी चालवलेलं इस्पितळ उभं राहिलं. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ‘केईएमला ने’ हे वाक्य आधाराचं झालं.

आज प्रश्न उलटा आहे. लालबागचा माणूस येतो तसाच कल्याणचा येतो, कोकणातलाही येतो. सुमारे १८०० खाटांचं हे रुग्णालय वर्षाला लाखो बाह्यरुग्ण तपासतं. खाटा संपल्या की जमिनीवर गादी पडते. तातडीच्या विभागातली गर्दी पाहून वाटतं, दारातून फार लोक आत येतात. पण अडचण बऱ्याचदा पुढे असते: वरच्या वॉर्डात किंवा आयसीयूत जागा रिकामी होत नाही, म्हणून खालचा रुग्ण ट्रॉलीवरच अडकतो आणि नव्याला जागा उरत नाही. एकट्या तातडीच्या विभागाला मोठं करून हे सुटत नाही.

मला यातून दिसतं ते असं: खाटा मोजता येतात, भरवसा मोजता येत नाही, पण हॉस्पिटल भरणार की ओस पडणार हे दोन्ही मिळून ठरवतात. १८९६ मध्ये भरवसा नव्हता. आता तो मोजक्या इमारतींवर एकवटलाय. घराजवळच्या पालिका दवाखान्यावर आणि उपनगरी रुग्णालयावर तसाच भरवसा बसेल, म्हणजे तिथे वेळेला डॉक्टर, तपासणी आणि औषध मिळेल, तेव्हाच परळचा भार हलका होईल.

तुमच्या घरात पणजी-खापरपणजीच्या तोंडून आलेली ‘आजारी माणूस लपवल्याची’ गोष्ट असेल, तर मला जरूर सांगा. सरकारी अहवालांत ती बाजू फार कमी सापडते.