दिवसाला किती कोस?

चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी आम्ही भोकरदनला पोचलो आणि गाडी घरामागच्या कडुलिंबाखाली लावली. आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. छतावरचं सोलर पॅनल, आतला बेड, शेगडी, पाण्याच्या टाक्या असं सगळं नीट बघून घेतलं आणि विचारलं,

"दिवसाला किती चालिवता?"

"दोनशे, अडीचशे किलोमीटर."

"आन् मंग ऱ्हाता कव्हा?"

मी हसलो. बायको हसली नाही.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. दोघांचंही काम घरून. ऑक्टोबरात पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला, एक जुनी व्हॅन घेऊन तिचं घर करून घेतलं आणि ठरवलं, वर्षभर यातच राहायचं. मी इंजिनिअर, म्हणजे आधी एक्सेल शीट. कोणत्या दिवशी कुठे, किती किलोमीटर, किती डिझेल, सगळं लिहून काढलं. गोवा, गोकर्ण, हंपी, बदामी, विजापूर. शीट सुंदर होती. तिच्यात कपडे धुण्याचा रकाना नव्हता.

तुम्ही कधी सलग दहा दिवस रोज वेगळ्या ठिकाणी झोपला असाल, तर पुढचं सांगायला नको. रोज संध्याकाळी नवी जागा शोधायची. पाणी कुठे मिळेल, रात्री कोणी उठवायला येईल का, सकाळच्या मीटिंगला नेटवर्क असेल का, हे प्रश्न रोज नव्याने सोडवायचे. बदामीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि सकाळी मीटिंग संपताच निघालो. लेणी राहिली. सोलापूरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर रात्री अकराला ती म्हणाली, "आपण फिरत नाहीये. आपण रोज घर बदलतोय." तिला सोलापूरहून पुण्याची गाडी पकडायची होती. बऱ्याच वेळाने ठरलं, भोकरदनपर्यंत जाऊ, तिथे गेल्यावर काय ते बघू.

त्याच पंपावर एक ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. भांडी, पेंढ्या, दोन शेळ्या, गोधडीत गुंडाळलेली मुलं. आम्ही आमचं बघण्यात गुंतलो होतो, म्हणून तेव्हा नुसतं पाहिलं. त्यांच्याकडे पुढे येतोच.

*

वाटेत तेर लागतं. आता धाराशिव जिल्ह्यातलं साधं गाव, दोन हजार वर्षांपूर्वीचं 'तगर'. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासमोर उभा असताना मला आमचं भोकरदन आठवलं. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं, तेव्हा तिथेही हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला होता. त्याच्याशी नातं सांगणारी तिसरी मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीत, पाँपेईत सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलेल्या घरात. तिला तिथे 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात आणि ती भोकरदनच्या कारागिरांनी घडवली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. सांची इथून सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या पुढे. म्हणजे माझ्या गावची माणसं इतक्या लांब जाऊन-येऊन होती. शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला भोकरदन म्हणजे आठवडी बाजार आणि केळणा नदी.

मग मला माझाच प्रश्न पडला. ही माणसं दिवसाला किती चालत असतील?

याचा एक धागा पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक पुस्तकात आहे. लिहिणारा कोणी व्यापारी असावा. तो सांगतो, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणचा अकीक आणि तगरचं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. मी फोनवर भागाकार केला. भडोच ते पैठण आजच्या रस्त्याने साडेचारशे-पाचशे किलोमीटर, पैठण ते तेर दोनशेच्या आत-बाहेर. रस्ते तेव्हा वेगळे होते, हे धरूनही दोन्हीकडे उत्तर जवळपास सारखंच येतं. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. तेर ते पैठण त्यांचे दहा दिवस. आम्ही ते अंतर एका सकाळीत कापलं आणि पैठणला चहा पिऊन पुढे निघालो.

*

वीस-पंचवीस हा व्यापाऱ्याचा वेग झाला. व्यापाऱ्याला कुठेतरी पोचायचं असतं आणि मग घरी परतायचं असतं. ज्यांचं घरच वाटेवर आहे, त्यांचा वेग काय?

आपल्याकडे असे लोक होते, बंजारा तांडे. त्यांच्या बैलांवर लादलेल्या व्यापाराला 'लदेणी' म्हणत. धान्य, मीठ, साखर गोण्यांत भरून बैलांच्या पाठीवर टाकायची आणि शेकडो कोस न्यायची. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळी बरोबर. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना त्याला असा एक तांडा भेटला. १४,००० बैल, सगळे धान्याने लादलेले. पुढे साखरेचा २०,००० बैलांचा दुसरा भेटला. मंडीने त्यांचा वेगही लिहून ठेवला आहे. दिवसाला फार तर सहा-सात मैल, तेही ऊन नसताना. म्हणजे दहा-अकरा किलोमीटर! पैठणच्या गाड्यांच्या निम्मे.

हा आळस नव्हता, हिशोब होता. बैलाचं डिझेल म्हणजे गवत आणि ते वाटेत फुकट होतं, पण ते खायला वेळ लागतो. बैल कित्येक तास चरतो, मग बसून रवंथ करतो. चौदा हजार बैलांना चारा विकत घ्यायचा म्हटलं तर धान्याच्या किमतीपेक्षा वाहतूक महाग पडेल. म्हणून सकाळी थोडं चालायचं, गोण्या उतरवायच्या आणि उरलेला दिवस बैल मोकळे सोडायचे. भाडं कमी ठेवता आलं ते या संथपणामुळे. मीठ-धान्यासारखा स्वस्त आणि जड माल इतक्या लांब नेणं परवडलं तेही त्यामुळेच. वेग ठरवायचा तो बैल. नायक फक्त त्याचं ऐकायचा.

धनगरांच्या वाड्याचंही असंच. मेंढरं एखाद्याच्या शेतात रात्री बसवली की लेंडीखत पडतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे चालण्यात खर्च आणि थांबण्यात कमाई. माझ्या शीटमध्ये हे बरोबर उलटं होतं. चाललो तो दिवस कामाचा, थांबलो तो वाया.

गंमत म्हणजे आपली भाषा हे जाणून आहे. आपण 'मजल दरमजल' म्हणतो आणि डोळ्यांसमोर चालणं येतं. पण मजल हा मूळचा अरबी 'मंझिल', उतरण्याची जागा. मुक्काम हाही अरबीच, थांबण्याची जागा. आणि गाडीतल्या प्रवाशाला आपण काय म्हणतो? उतारू. तो बसून चाललेला असतो, तरी त्याची ओळख तो उतरतो यावरून.

*

आता उलट बाजूची गोष्ट, कारण तीही आमच्याच भागाच्या मातीत घडली.

भोकरदनहून जाफराबादकडे जाताना असई लागतं. मोटरसायकलने अर्धा तासही लागत नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वेलस्लीला हिंदुस्थानातल्या युद्धाचं मर्म बैलांत दिसलं होतं. चांगले बैल नसतील तर फौज हलत नाही, म्हणून त्याचं बैलांकडे बारीक लक्ष असे. दोन्हीकडच्या फौजांना धान्य पुरवायला बंजारेच होते.

वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन २१ तारखेला बदनापूरला भेटले. वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असं ठरलं. पण २३ ला सकाळची चौदा मैलांची मजल मारून झाल्यावर वेलस्लीला कळलं, की मराठी फौज अगदी जवळ, सहा मैलांवर आहे. शत्रू निसटेल म्हणून तो स्टीव्हन्सनची वाट न पाहता तसाच पुढे गेला. एका दिवसात तीस किलोमीटरहून जास्त चाल आणि वर लढाई. तो जिंकला, ९८ तोफा हाती लागल्या. पण त्याच्याकडचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले आणि पाठलाग करण्याचं त्राण फौजेत उरलं नाही. पुढचे दिवस जखमींची सोय लावण्यात गेले. अजिंठ्याला त्यांच्यासाठी दवाखाना उभारावा लागला.

लष्कराला असा दिवस परवडतो, कारण त्याला एका दिवसात काहीतरी संपवायचं असतं. मी चाळीस दिवस तसा चालत होतो आणि संपवायचं काहीच नव्हतं.

*

तांडे मात्र संपले. १९०० च्या सुमारास मनमाडहून निघालेली रेल्वे जालन्यावरून हैदराबादकडे गेली. देशभर असेच रूळ पडले आणि बैलांच्या पाठीवरचा माल डब्यांत चढला. धंदा गेला तो गेलाच, वर इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ज्याचा ठावठिकाणा नाही तो संशयित, असं त्याचं तर्कशास्त्र. पुढे त्याच्या कक्षेत आणखी मुलूख आणि आणखी जमाती आल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. आज मराठवाड्यात ज्याला आपण तांडा म्हणतो, ती पक्की वस्ती असते. चालणाऱ्या घराचं नाव थांबलेल्या घराला राहिलं.

आणि त्या वस्त्यांतली, आजूबाजूच्या गावांतली माणसं दिवाळीच्या आसपास पुन्हा निघतात. मुकादमाकडून उचल घेऊन, ट्रॉलीत बसून. ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्या पंपावरच्या ट्रॉलीतही अशीच जोडपी होती, आमच्यासारखीच दोघं-दोघं. सहा महिने तेही घराबाहेर राहतात. पण कुठे थांबायचं आणि कधी निघायचं, हे कारखान्याची चिठ्ठी आणि मुकादम ठरवतो. हातात उचल असते, म्हणून मध्येच "मी परत जाते" म्हणायची सोय नसते. माझ्या बायकोला ती होती. वेग आपण ठरवू शकतो, ही आमची खरी चैन होती आणि मी ती शीटला देऊन टाकली होती.

*

भोकरदनला आम्ही सोळा दिवस राहिलो. पहिले दोन दिवस नुसतं झोपलो. मग कामं नेहमीसारखी सुरू झाली. ती संध्याकाळी आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली. एकदा आम्ही केळणेकाठचं लेणं बघायला गेलो. त्या घरात मी वाढलो आणि लेणं नीट पाहिलं ते आता.

अमेरिकेत वर्षानुवर्षं गाडीतच राहणाऱ्यांमध्ये तीन-तीन-तीन असा एक नियम चालतो. दिवसाला तीनशे मैलांच्या वर नाही, दुपारी तीनच्या आत पोचायचं आणि निदान तीन रात्री राहायचं. मला तीनशे मैल हा आकडा वेलस्लीचा वाटतो, पण बाकीचे दोन तांड्याचे आहेत. ते आम्ही घेतले. आमचा बैल म्हणजे आमची झोप, लॅपटॉपचं चार्जिंग आणि नेटवर्क. त्याला चरायला किती वेळ लागतो, ते आता मोजून ठेवलंय. निघायचं फक्त शनिवारी, शंभर किलोमीटरच्या आत. दुपारी तीनला गाडी उभी. मुक्काम निदान आठ दिवस. जुनी शीट काढून टाकली. नवीन शीटमध्ये एकच ओळ आहे, पुढचा मुक्काम.

तो असईच्या वाटेवर आहे, मामांच्या शेतात. विहीर आहे, फोरजी येतं. गूगल मॅप बावीस मिनिटं दाखवतं.

निघताना आबांनी परत विचारलं, "आज किती?"

"बारा किलोमीटर."

"हां. आता बैल जगंल."

मी बायकोकडे पाहिलं. वर्षभराचं काय, हे तिने अजून सांगितलं नव्हतं. ती पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट करत होती. म्हणाली, "मामांपर्यंत येते. पुढचं तिथे गेल्यावर."