'असंतोष' : एका शब्दाचे अर्थांतर

व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने 'इंडियन अनरेस्ट' (१९१०) या ग्रंथात लोकमान्य टिळकांना भारतीय 'अनरेस्ट'चे जनक ठरविले. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. 'अनरेस्ट'चा शब्दशः अर्थ अस्वस्थता. मराठीत मात्र 'असंतोष' हा शब्द रूढ झाला. हा भेद महत्त्वाचा आहे. अस्वस्थतेला कारण सांगता येईलच असे नाही. असंतोष मात्र कशाविषयी तरी असतो. योगशास्त्रात संतोष हा एक नियम असल्याने त्याचा अभाव दोषच मानला जाई. राजकीय परिभाषेत तोच गुण ठरला. चिरोलविरुद्धचा बदनामीचा दावा टिळक १९१९ मध्ये लंडनमध्ये हरले. परंतु आरोपादाखल दिलेले हे नाव मराठी समाजाने बिरुद म्हणून स्वीकारले. सारांश, शब्दाचा अर्थ केवळ बोलणारा नव्हे, तर तो स्वीकारणारा समाजही ठरवीत असतो.