शाळेची इमारत आणि विजेची बचत

नागपूरचा उन्हाळा शाळांना नवा नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. विदर्भातील शाळा सुट्टीनंतर उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, याचे कारणही हेच ऊन होय. मग वीज नव्हती त्या काळी आपल्या वडीलधाऱ्यांनी विद्या कशी संपादन केली?

१८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले आणि सरकारी इमारती उभ्या राहू लागल्या. त्या काळच्या बांधणीत भिंती जाड, छत उंच, वर कवेलू आणि भोवती व्हरांडा असे. भिंतीत वरच्या बाजूस झरोके ठेवीत, कारण तापलेली हवा वर चढते व तेथून बाहेर पडते. व्हरांडा भिंतीवर ऊन पडू देत नसे. दारांना वाळ्याचे ओले पडदे लावीत. सकाळची शाळा ही तर बिनखर्चाची सोय होती.

पुढे वीज आली. १९७४ मध्ये जवळच कोराडी येथील औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. वर्गात पंखे फिरू लागले, ट्यूबलाईट लागल्या, ही प्रगतीच होती. परंतु पंख्याच्या भरवशावर अनेक ठिकाणी झरोके बुजवले गेले, व्हरांडे भिंती घालून खोल्यांत बदलले गेले आणि कवेलूंच्या जागी स्लॅब आला. दिवसभर तापलेला स्लॅब सायंकाळपर्यंत उष्णता सोडीत राहतो. वर्धा मार्गालगतच्या मनीषनगरसारख्या नव्या वस्तीतील रहिवाशांना हा अनुभव सांगावयास नको.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर कार्यक्षमतेचे तारांकन बंधनकारक झाले. याचा शाळेला उपयोग काय, हे साध्या हिशेबाने पाहू. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट. एका वर्गात ४ पंखे रोज ६ तास, वर्षातून २०० दिवस चालले, तर एका वर्गामागे २१६ युनिट वाचतात. १० वर्गांचे २,१६० युनिट झाले. चोकसह सुमारे ५० वॅट घेणाऱ्या जुन्या ट्यूबलाईटच्या जागी २० वॅटची एलईडी नळी पुरते.

मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी बुजवलेले झरोके उघडावेत, गच्चीवर चुन्याचा पांढरा हात द्यावा, खिडक्यांवर सावली करावी. त्यानंतर पंखे व दिवे बदलावेत. तापलेल्या खोलीत नवा पंखाही गरम हवाच फिरवील.

पालक बंधू-भगिनींनो, वीज बिलाचा पैसा अखेर आपल्याच खिशातून जातो. तो वाचला तर ग्रंथालयात पुस्तके येतील, एखाद्या गरजू मुलीची फी भरली जाईल. आणि विद्यार्थी मित्रांनो, वर्ग सोडताना पंखा बंद करणे हे काम तर आजपासून तुमच्याच हाती आहे.